कार्थेजला राजा होता का? नसेल तर कारभार कोण बघायचं?

रात्रीचा_प्रवासी

मंडळी, बरेच दिवस नुसता वाचक होतो, आज पहिल्यांदाच धागा काढतोय, चुकलं माकलं सांभाळून घ्या.

झालं असं की गेल्या आठवड्यात हॅनिबलवरचे, म्हणजे उत्तर आफ्रिकेतल्या कार्थेजकडून रोमशी लढलेल्या त्या माणसावरचे, दोन-तीन व्हिडिओ लागोपाठ बघितले. हत्ती, आल्प्स, कॅनीची जिंकलेली लढाई, झामाची हरलेली, सगळं आलं, पण एक गोष्ट डोक्यातून जाईना की हा माणूस इ.स.पू. २१८ ते २०३ म्हणजे पंधरा वर्षं इटलीत ठाण मांडून बसलाय, मग याच्या मागे घरी नक्की कोण बसलं होतं? एका व्हिडिओत त्याला चक्क 'कार्थेजचा राजा' म्हटलंय, दुसऱ्यात कार्थेजचं सिनेट त्याला मदत पाठवत नाही म्हणून शिव्या घातल्यात, तिसऱ्यात 'व्यापाऱ्यांचं प्रजासत्ताक' असा शब्द आला. अरे एक काय ते ठरवा ना.

आणि दुसरं म्हणजे कार्थेज हे एकच शहर होतं की अशी बरीच शहरं होती, आणि असली तर ती कोणाच्या हुकमात चालायची? शहर दिसायला कसं होतं याबद्दल कोणी काही सांगतच नाही, थेट जळतानाच दाखवतात. कोणी वाचलं असेल तर जरा सविस्तर लिहा, घाई नाही.

---

जुनी_खापरं

राजा नव्हता. निदान ज्या काळाची आपल्याला नीट माहिती आहे त्या काळात तरी नाही, आणि हॅनिबल तर मुळीच नव्हता, तो सेनापती.

राजा-राजा हा गोंधळ ग्रीकांनी घातलाय. त्यांनी कार्थेजच्या सगळ्यात वरच्या दोन अधिकाऱ्यांना 'बासिलेउस' म्हणजे राजा लिहून टाकलं, कारण स्पार्टात दोन राजे होते आणि इथंही वर दोन माणसं दिसली, झालं काम. खुद्द कार्थेजवाले त्यांना शोफेत म्हणायचे, रोमन लोकांच्या तोंडी त्याचं सुफेत झालं. शब्दाचा अर्थ न्याय करणारा. हिब्रूतही हाच शब्द आहे, बायबलमध्ये शमशोन वगैरे जे 'शास्ते' आहेत ना, तेच हे. दोन सुफेत, दर वर्षी नवे निवडायचे, वर्ष संपलं की घरी. आणि वर्षाला वेगळा आकडा नाही, "अमुक आणि तमुक सुफेत होते ते वर्ष" अशीच तारीख शिलालेखात कोरलेली सापडते.

आता यातली खरी गंमत अशी की सुफेताच्या हाताखाली फौज नसायची. रोममध्ये कॉन्सुल, म्हणजे तिथला सगळ्यात वरचा अधिकारी, शहराचा कारभारही बघणार आणि युद्धावरही तोच जाणार. कार्थेजने हे दोन्ही वेगळं ठेवलं, सेनापती वेगळे निवडायचे आणि तेही एका वर्षाच्या मुदतीवर नाही, काम संपेपर्यंत. म्हणजे सेनापतीला वेळ भरपूर, पण शहरात सत्ता शून्य. आणि त्याच्यावर नजर ठेवायला पुन्हा वेगळी माणसं. ती व्यवस्था कशी आली त्याची गोष्ट जस्टिन नावाच्या रोमन लेखकाने दिलीय. मागो नावाच्या एका सेनापतीच्या घराण्याने पिढ्यान् पिढ्या फौज आपल्याच हातात ठेवली, लोकांना वाटायला लागलं की हे आता डोईजड होणार, म्हणून सभासदांमधून शंभर न्यायाधीश निवडले, सेनापती मोहिमेवरून परत आला की यांच्यापुढे उभा राहून हिशोब देणार. ॲरिस्टॉटल हा आकडा १०४ देतो. हे न्यायाधीश हयातभरासाठी असायचे, हे लक्षात ठेव, पुढे याच्यावरूनच भांडण होणार आहे.

हिशोब देणार म्हणजे नुसती चौकशी नाही बरं का. इ.स.पू. २६४ ला सिसिलीतल्या मेस्सानाच्या किल्ल्यातून जो अधिकारी माघार घेऊन बाहेर पडला त्याला कार्थेजवाल्यांनी सुळावर, म्हणजे क्रूसावर चढवला, कारण काय तर अक्कल आणि धैर्य दोन्ही कमी पडलं. रोमन सेनापती हरून आला तर निदान जिवंत राहायचा.

बाकी व्यवस्था अशी की वर ज्येष्ठांची सभा, म्हणजे व्हिडिओवाले ज्याला सिनेट म्हणतात ती, त्यातच तीस जणांचं आतलं मंडळ. खाली सगळ्या नागरिकांची सभा. सुफेत आणि ज्येष्ठ यांचं एकमत असेल तर विषय लोकांपुढे न्यायचा की नाही ते त्यांच्या मर्जीवर. एकमत नसेल तर मात्र विषय लोकांपुढे गेलाच पाहिजे. आणि लोकांपुढे गेला की लोक नुसते हात वर करायला नसायचे, ज्याला वाटेल त्याने उठून विरोधात बोलावं आणि शेवटचा निर्णयही त्यांचाच. हे स्पार्टात किंवा क्रीटमध्ये नव्हतं असं ॲरिस्टॉटल मुद्दाम लिहितो. ग्रीक नसलेल्या राज्यव्यवस्थांपैकी त्याने अशी नीट चर्चा या एकाच व्यवस्थेची केलीय, आणि कौतुक म्हणजे इथं कधी धड बंड झालं नाही की कोणी हुकूमशहा झाला नाही.

तुझ्या मूळ प्रश्नाचं उत्तर: हॅनिबलला इ.स.पू. २२१ ला स्पेनमध्ये आधी फौजेने निवडलं, मग कार्थेजच्या लोकसभेत त्यावर शिक्कामोर्तब झालं. आणि तो इटलीत एकटा नव्हता. इ.स.पू. २१५ ला त्याने मॅसिडोनच्या फिलिप राजाशी जो तह केला त्याचा मजकूर पॉलिबियस या ग्रीक इतिहासकाराने जसाच्या तसा दिलाय, त्यात शपथ घेणारे कोण तर सेनापती हॅनिबल, मागो, मिर्कान, बार्मोकार आणि "त्याच्यासोबत असलेले सगळे ज्येष्ठ". म्हणजे सभेची माणसं छावणीतच बसलेली होती. घर मागे नव्हतं, तंबूतच होतं.

---

साखरझोप

हुकूमशहा झाला नाही, पण प्रयत्न केलेच की लोकांनी. इ.स.पू. चौथ्या शतकात हान्नो नावाचा अति श्रीमंत माणूस होता, त्याने मुलीच्या लग्नाच्या पंगतीत अख्ख्या ज्येष्ठांच्या सभेला विष घालायचा बेत केला. बेत फुटला. आता याच्यावर सभेने काय करावं? त्याला पकडलं? नाही. लग्नात किती खर्च करायचा याच्यावर मर्यादा घालणारा ठराव पास केला, सगळ्यांना लागू, कोणाचं नाव नाही गाव नाही. म्हणजे मेजवानीच रद्द. एवढ्या शांतपणे कट मोडून काढलेला मी दुसरीकडे कुठे वाचला नाही. अर्थात हान्नो त्यातून काही शिकला नाही, पुढे गुलाम गोळा करून उठाव केला तेव्हा मात्र हाल हाल करून मारला.

दुसरा बोमिल्कार, इ.स.पू. ३०८. शहराबाहेर सिसिलीतल्या सिराक्यूजचा सत्ताधीश अगाथोक्लिस फौज घेऊन येऊन बसलाय आणि हा सेनापती आतल्या आत सत्ता घ्यायला निघाला, पाचशे नागरिक आणि हजारभर भाडोत्री घेऊन रस्त्याने कापाकापी करत चौकात आला. लोक चढले घरांच्या छपरांवर आणि वरून जे हाताला लागेल ते मारायला सुरुवात केली. घरं उंच, रस्ते अरुंद, खाली माणूस सापडला की संपला. तोही क्रूसावर.

पण खापरंभाऊ, तुम्ही ॲरिस्टॉटलची अर्धीच बाजू सांगितलीत. कौतुक केलंय तसे चिमटेही काढलेत ना त्याने. सुफेतपद आणि सेनापतीपद दोन्ही पैशाने विकत मिळायची हे त्याने सरळ लिहिलंय, आणि पुढचं तर अगदी व्यवहारातलं आहे, की ज्याने पद मिळवायला पैसे खर्च केलेत तो ते वसूल केल्याशिवाय राहील का. वर एकच माणूस दोन-तीन पदं धरून बसायचा आणि ते मोठेपणाचं मानायचे. त्याच्यावर तो म्हणतो की एकाच माणसाला बासरीही वाजवायला सांगू नका आणि चपलाही शिवायला लावू नका.

आणि बंड का झालं नाही याचं कारणही त्याला ठाऊक होतं. शहरात गरिबांची गर्दी वाढली, कुरबुर सुरू झाली की त्यातल्या काहींना ताब्यातल्या गावांमध्ये धाडायचं, तिथं कमावतात, गप्प बसतात. त्याच्या मते हे नशिबावर चाललेलं होतं.

---

जुनी_खापरं

मान्य, मी घाईत होतो. पैशाचा विषय काढलाच आहेस तर हॅनिबलचा दुसरा डाव सांगायलाच हवा, व्हिडिओवाले झामानंतर पडदा पाडतात म्हणून तो कोणाला माहीत नसतो.

युद्ध हरल्यावर रोमने दंड ठोकला १०,००० टॅलेंट (वजनाचं जुनं माप) चांदी, ५० वर्षांत फेडायची, म्हणजे वर्षाला २००. पहिलाच हप्ता रोमला गेला तर चांदी भेसळीची निघाली, वितळवून बघितली तर चौथा हिस्सा उडाला, मग कार्थेजच्या दूतांनी तिथंच रोममध्ये कर्ज काढून भरपाई केली. आता शहराची अशी अब्रू गेलेली, तिजोरीत खडखडाट, लोकांवर नवा कर बसणार अशी बोलणी चाललेली, आणि इ.स.पू. १९६ ला सुफेत म्हणून निवडून आला कोण तर हॅनिबल.

त्याने पहिल्यांदा खजिन्याच्या अधिकाऱ्याला बोलावलं. तो आलाच नाही. का यायचं? त्याची मुदत संपली की तो त्या न्यायाधीशांच्या मंडळात जाणार होता, आणि ते मंडळ हयातभराचं, त्यात गेलेल्या माणसाला कोण हात लावणार. वर तो विरोधी गटातला. हॅनिबलने शिपाई पाठवून त्याला धरून आणला आणि थेट लोकांच्या सभेपुढे उभा केला. आणि त्या एका माणसावर न थांबता सगळ्या न्यायाधीशांवरच घसरला, की तुमच्यापुढे ना कायदा चालतो ना अधिकारी. तिथल्या तिथं ठराव: न्यायाधीश दर वर्षी निवडायचे, लागोपाठ दोन वर्षं कोणी नाही. तुझ्या लक्षात आलं का, ज्या व्यवस्थेने दोन-अडीचशे वर्षं सेनापतींना धाकात ठेवलं ती एका माजी सेनापतीने लोकांच्या मतांवर मोडली.

मग हिशोब तपासले. जमीन आणि बंदराचा महसूल किती येतो, कुठे खर्च होतो, मधल्या मध्ये कोण खातो. बाहेर आलं ते असं की खाल्लेले पैसे वसूल केले तर नवा कर न लावताही रोमचा हप्ता सहज निघतो. आणि ते खरंही होतं, कारण इ.स.पू. १९१ ला म्हणजे दहाच वर्षांत कार्थेज रोमला म्हणालं की उरलेलं सगळं एकदम घेऊन टाका. रोमने नको म्हटलं. बरोबरच आहे, हप्ता चालू असला की मान खाली राहते.

पण तोवर हॅनिबल शहरात नव्हता. ज्यांचं खाणं बंद झालं त्यांनी रोमला पत्रं पाठवली की हा सीरियाच्या अँटिओकस राजाशी संधान बांधतोय. रोमहून तीन दूत आले, वरवर कारण शेजारच्या न्युमिडियाचा राजा मासिनिसा याच्याबरोबरचा वाद. हॅनिबल काय समजायचं ते समजला, रात्रीतून समुद्राकाठच्या आपल्या वाड्यावर गेला आणि तिथून जहाजाने केर्किना बेटावर. तिथं बंदरात व्यापारी जहाजं उभी, माणसं त्याला ओळखणार, कोणीतरी कार्थेजला जाऊन सांगणारच. तर याने सगळ्या खलाशांना मेजवानीचं आमंत्रण दिलं आणि म्हणाला ऊन फार आहे, तुमची शिडं आणि डोलकाठ्यांचे दांडे जरा आणून द्या, सावलीला मांडव घालू. दिले त्यांनी. रात्री उशिरापर्यंत पिणं चाललं, आणि हा मधेच निघून गेला. सकाळी बाकीच्यांना शिडं पुन्हा चढवेपर्यंत हा टायरच्या वाटेवर. (टायर म्हणजे गाडीचं नव्हे, लेबनॉनमधलं, जिथून मुळात कार्थेज वसवणारे लोक आले ते.)

---

खाऱ्या_वाऱ्याची

शहरांबद्दल कोणीच लिहीत नाहीये म्हणून मी लिहिते, काही वर्षांपूर्वी ट्युनिशियाला जाऊन आलेय.

आधी मोठं कार्थेज. नाव मुळात 'कार्त-हदश्त', अर्थ नवं शहर, बस एवढंच. परंपरेने वर्ष सांगतात इ.स.पू. ८१४. राणी एलिसा, तिलाच डिडो म्हणतात, तिला म्हणे बैलाच्या कातड्यात मावेल एवढी जागा मिळाली आणि तिने कातड्याच्या बारीक वाद्या कापून आख्खी टेकडी घेरली. त्या टेकडीचं नाव बिर्सा, ग्रीकमध्ये बिर्सा म्हणजे कातडं, त्यामुळे नावावरून गोष्ट रचलेली असणार हे उघड आहे.

मी गेले तेव्हा बिर्साच्या उतारावर एक वस्ती बघितली, तिला 'हॅनिबलचा मोहल्ला' असं नाव दिलंय कारण ती साधारण त्याच्या सुफेतपदाच्या वेळची. ती वाचली कशी ते ऐका. रोमन लोकांनी पुढे तिथं आपलं शहर बांधताना टेकडीचा माथा कापून सपाट केला आणि ती सगळी माती उतारावर ढकलली, त्याखाली ही घरं गाडली गेली आणि म्हणून टिकली. रस्ते सरळ, एकमेकांना काटकोनात, चढ आला की रस्त्यालाच पायऱ्या. प्रत्येक घराखाली पाण्याचं टाकं, लांबट, दोन्ही टोकं गोल, आतून गुळगुळीत गिलावा, पावसाचं पाणी साठवायला. माणूस वाकून आत बघतो आणि पहिल्यांदा मनात येतं की एवढ्या दाट वस्तीत प्रत्येकाने आपलं पाणी आपल्या पायाखाली ठेवलंय. ॲपियन हा इतिहासकार लिहितो चौकापासून बिर्सापर्यंतच्या तीन रस्त्यांवर सहा-सहा मजली घरं होती, आणि इ.स.पू. १४६ ला रोमन सैनिक एका छपरावरून दुसऱ्या छपरावर फळ्या टाकत पुढे गेले. बोमिल्कारचा किस्सा वर आलाच आहे, तीही अशीच छपरं.

बंदर दोन. बाहेरचं चौकोनी व्यापाऱ्यांचं, तोंडाशी सत्तर फूट रुंद आणि लोखंडी साखळ्यांनी बंद होणारं. त्याच्या आत गोल बंदर आरमाराचं, मधोमध बेट, बेटावर नौदलप्रमुखाचं घर, आणि चोहीकडे जहाजं ओढून ठेवायच्या गोद्या, प्रत्येक गोदीपुढे दोन-दोन खांब. व्यापारी बंदरात आलेल्या परक्या माणसाला आतलं काही दिसू नये म्हणून मधे दुहेरी भिंत. आज काय आहे? दोन तळी आहेत. शांत, उथळ, काठाला बंगले. मला आधी कोणी सांगितलं नसतं तर मी पुढे निघून गेले असते.

पण मला विचाराल तर खरं प्युनिक, म्हणजे कार्थेजवाल्यांच्या धर्तीचं, शहर बघायचं असेल तर केर्कुआनला जा. कॅप बॉनच्या टोकाकडे, अगदी समुद्राला लागून, ट्युनिसहून गाडीने दोनेक तास. हे गाव रोम-कार्थेजच्या पहिल्या युद्धाच्या (पहिलं प्युनिक युद्ध) वेळी, इ.स.पू. तिसऱ्या शतकाच्या मध्यात, ओस पडलं आणि नंतर तिथं कोणीच बांधलं नाही, रोमनांनीही नाही. १९५२ ला सापडलं. कार्थेजमध्ये प्युनिक काही बघायला रोमन थराखाली उतरावं लागतं, इथं थेट गल्लीत उभे राहता. घरात शिरायचं तर आधी बोळ, तो बोळ वळतो, म्हणजे दार उघडं असलं तरी रस्त्यावरच्या माणसाला अंगण दिसणार नाही. अंगणात विहीर. आणि बोळाच्या बाजूला न्हाणी. ती न्हाणी मी किती वेळ बघत उभी होते. बसून अंघोळ करायचं टब आहे, बुटासारख्या आकाराचं, बसायला पायरी, हात टेकायला कडेला जागा, सगळ्यावर गुलाबी लालसर गिलावा जो अजून गुळगुळीत आहे. एका घरात नाही, घरोघरी. सार्वजनिक न्हाणीघरात जाऊन गप्पा मारत अंघोळ करणाऱ्या रोमनांच्या शेजारी हे लोक दार लावून एकटे अंघोळ करणारे. जमिनीचा गिलावाही तसाच लाल, त्यात पांढऱ्या संगमरवराच्या कपच्या टाकलेल्या, आणि एका उंबऱ्याशी त्याच कपच्यांनी तानित देवीची खूण काढलीय, त्रिकोण, वर आडवी रेघ, वर गोल, लहान मुलीने बाहुली काढावी तशी. गाव छोटंच, दोन हजार माणसं असावीत म्हणतात. शिंपल्यांचे ढीगही सापडलेत, जांभळा रंग काढायचे त्यांचे.

---

एकटा_टाकीवाला

वरचं सगळं छान, पण एक गोष्ट कोणी बोललं नाही म्हणून मधे तोंड घालतो. ॲरिस्टॉटल ग्रीक, पॉलिबियस ग्रीक आणि तो तर कार्थेज जळताना रोमन सेनापतीच्या शेजारी उभा, ॲपियन तीनशे वर्षांनंतरचा, लिव्ही आणि जस्टिन रोमन. कार्थेजवाल्यांची ग्रंथालयं होती, ती रोमने आफ्रिकेतल्या राजांना वाटून टाकली आणि स्वतःकडे काय ठेवलं तर मागोचा शेतीवरचा २८ भागांचा ग्रंथ, तो मात्र सिनेटच्या हुकमाने लॅटिनमध्ये करून घेतला. (हा मागो वेगळा. कार्थेजमध्ये नावं पाच-सहाच, हॅनिबल, हान्नो, हस्द्रुबाल, हमिल्कार, मागो, घोळ होणारच.)

तेव्हा त्यांच्या तोंडचं काही हवं असेल तर दगडाकडे जायचं. मार्सेलला १९व्या शतकात एक प्युनिक शिलालेख सापडला, मंदिरात कुठल्या जनावराच्या बळीला पुजाऱ्याने किती दक्षिणा घ्यायची याचा दरफलक. बैलाला एवढं, मेंढीला एवढं, पक्ष्याला एवढं, आणि गरिबाकडून काही घ्यायचं नाही, ठरल्यापेक्षा जास्त घेतलं तर पुजाऱ्याला दंड. वर सुफेतांची नावं, आणि दर ठरवणारे कोण तर "देण्यांवरचे तीस जण". बघा, ग्रीक लोक ज्यांची नुसती नावं सांगतात त्या समित्या खरंच होत्या आणि त्या बसून बकऱ्याचे दर ठरवत होत्या. मला व्यवस्था कळली ती त्या दरफलकावरून, ॲरिस्टॉटलवरून नाही.

आकडे पण जपून. आरमाराच्या बंदरात २२० जहाजं मावायची हे ॲपियनचं. १९७०च्या दशकात ब्रिटिश पथकाने खोदलं तेव्हा बेटावर तीसेक आणि कडेने बाकीच्या अशा १७०च्या आसपास जागा निघाल्या. म्हणजे फार फेकलेलं नाही, ग्रीक-रोमन मानाने तर हे प्रामाणिकच. गंमत वेगळीच आहे, तिथल्या खापरांवरून ते बांधकाम इ.स.पू. दुसऱ्या शतकाकडे जातं, आणि झामानंतरच्या तहात तर कार्थेजला दहाच लढाऊ जहाजं ठेवायची मुभा होती.

आता 'किती शहरं आणि कोणाच्या हुकमात' याचं. रोमसारखं एका छापाचं नव्हतं. युटिका हे कार्थेजपेक्षा जुनं, त्याला बरोबरीचा मान, फिलिपच्या तहात त्याचं नाव वेगळं घेतलंय. कादिझ म्हणजे तेव्हाचं गादिर, सिसिलीत मोत्या, पालेर्मो, लिलिबायम, सार्डिनियात थार्रोस, नोरा, बेटांवर इबिझा, आफ्रिकेच्या किनाऱ्यावर हद्रुमेतुम, लेप्टिस, अशी माळ. बऱ्याच गावांचे स्वतःचे सुफेत. इ.स.पू. २०६ ला हॅनिबलचा भाऊ मागो गादिरला आला तर गावाने वेशीची दारं लावून घेतली, याने बोलणी करायला म्हणून त्यांच्या सुफेतांना बाहेर बोलावलं आणि फटके मारून क्रूसावर दिलं. त्यानंतर गादिरने रोमशी जुळवून घेतलं यात काही नवल नाही. लेप्टिसकडून कार्थेज रोजचा एक टॅलेंट घ्यायचं असं लिव्ही सांगतो. रोजचा!

आणि खरे भरडले जायचे ते आतल्या भागातले लिबियन शेतकरी. पहिल्या युद्धात त्यांच्याकडून निम्मं पीक घेतलं, गावांचा कर दुप्पट केला, आणि जो सुभेदार जास्त ओरबाडून आणेल त्याचं कौतुक व्हायचं. इ.स.पू. २४१ ला पगार न मिळालेले भाडोत्री सैनिक उठले तेव्हा हे सगळे त्यांना जाऊन मिळाले, बायकांनी अंगावरचे दागिने काढून दिले बंडाच्या खर्चाला. पॉलिबियसच्या पुस्तकातली ही एक ओळ मला साऱ्या ज्येष्ठांच्या सभेपेक्षा जास्त सांगते.

---

साखरझोप

टाकीवाले, पॉलिबियस हॅनिबलच्या युद्धाचं निदानही करतो की. त्याच्या मते हॅनिबलच्या वेळी रोममध्ये निर्णय सिनेट घ्यायचं आणि कार्थेजमध्ये लोक घ्यायला लागले होते, म्हणून रोम जिंकलं. मला हे पटत नाही. कॅनीनंतर हॅनिबलचा भाऊ मागो याने कार्थेजच्या सभेत मेलेल्या रोमन सरदारांच्या सोन्याच्या अंगठ्या जमिनीवर ओतल्या, सगळे खूश, एकटा हान्नो (विषवाला नव्हे, हॅनिबलचा विरोधक) उठून विचारतो की जिंकलो म्हणता, मग पैसे, धान्य, माणसं अजून कशाला मागताय? रोमच्या साथीदार लॅटिनांपैकी कोणी आपल्याकडे आलं का? रोमने तहाचा माणूस पाठवला का? उत्तर नाही. तरी सभेने ४,००० न्युमिडियन घोडेस्वार आणि ४० हत्ती मंजूर केले. सभेने मदतच केली नाही हे व्हिडिओवाल्यांचं म्हणणं एवढं सरळ नाहीये, मदत बरीचशी स्पेन आणि सार्डिनियाकडे वळली एवढंच.

---

रात्रीचा_प्रवासी

बापरे, एवढं येईल असं वाटलं नव्हतं. शिडांच्या मांडवाचा किस्सा बायकोला वाचून दाखवला, ती म्हणते खलाशांना दुसऱ्या दिवशी डोकं धरून काय वाटलं असेल.

दोन शंका राहिल्या. एक, शेवटी रोमनांनी शहरावर मीठ पेरलं ते खरं का? आणि दुसरं, १४६ नंतर ही सुफेत वगैरे व्यवस्था एकदम संपली की कुठे राहिली? आणि खाऱ्या वाऱ्याची ताई, ते गोल बंदर बघायचं तर नक्की कुठे उतरायचं, पुढच्या वर्षी जमलं तर जायचा विचार आहे.

---

एकटा_टाकीवाला

मीठ खोटं. जुन्या एकाही लेखकात नाही, आधुनिक काळातल्या लिखाणात घुसलं आणि तिथून सगळीकडे पसरलं. जाळलं, पाडलं, बिर्सावरून शरण आलेले पन्नास हजार लोक गुलाम केले, हे पुरेसं नाही का, मीठ कशाला हवं.

व्यवस्था संपली नाही. रोमचं राज्य आल्यावरही आफ्रिकेतली गावं आपले सुफेत निवडत राहिली, लेप्टिस मॅग्नात रोमन बादशहा ट्राजानच्या काळापर्यंत, म्हणजे इ.स. दुसरं शतक उजाडेपर्यंत. पार मोरोक्कोत वोलुबिलिसला एक शिलालेख आहे, मार्कुस वालेरियुस सेवेरुस नावाच्या माणसाचा. नाव अस्सल रोमन. क्लॉडियस बादशहाच्या वेळी इ.स. ४४च्या सुमारास गावाला रोमन दर्जा मिळवून दिला म्हणून त्याचा सन्मान केलाय. त्याची पदं लिहिलीत त्यात सुफेत आहे, आणि बापाचं नाव बोस्तार. कार्थेज पडून तेव्हा १९० वर्षं होत आली होती.

---

खाऱ्या_वाऱ्याची

ट्युनिसहून समुद्राकडे जाणारी छोटी लोकल आहे, तिच्यावर कार्थेजचीच पाच-सहा स्टेशनं आहेत, कार्थेज बिर्सा, कार्थेज हॅनिबल अशी खरीखुरी नावं, पाटी बघून मला फार मजा वाटली होती. बंदरासाठी हॅनिबलला उतरू नकोस, लांब पडेल. कार्थेज सालाम्बोला उतर आणि चालत जा. बेटावर एक छोटीशी खोली आहे, तिच्यात बंदराचं मॉडेल ठेवलंय, ते आधी बघ आणि मग बाहेर येऊन तळ्याकडे बघ, नाहीतर माझ्यासारखं दोन वेळा फेरी मारावी लागेल. केर्कुआनला टोपी आणि पाणी घेऊन जा, सावली कुठेही नाही.